लाइव्ह लिनक्स डिस्क आणि फोनच्या पडद्याआडच्या सेटिंग्ज

मोबाइल फोनच्या पडद्यावर जेवढ्या सेटिंग्ज दिसतात, त्याहून कितीतरी अधिक सेटिंग्ज त्याच्या पोटात दडलेल्या असतात. काही निर्मात्याने दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या, काही सेवा पुरवणाऱ्या कंपनीने मुद्दाम बंद केलेल्या, तर काही ‘ग्राहकाला यातले काय कळणार’ अशा समजुतीने झाकून टाकलेल्या. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर फोन संगणकाला जोडावा लागतो आणि नेमके तिथेच अनेकांचे गाडे अडते. घरच्या संगणकात योग्य ड्रायव्हर नसतो, कचेरीतल्या संगणकावर काहीही बसवण्याची परवानगी नसते आणि कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली फुकट आज्ञावली आपल्यासोबत आणखी काय घेऊन येईल, याचा भरवसा नसतो. या तिन्ही अडचणींवर एक जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. तो म्हणजे लाइव्ह लिनक्स डिस्क.

हा उपाय वापरणाऱ्याने एक गोष्ट मात्र आरंभीच ध्यानात घ्यायला हवी. अशा डिस्कवरून चालवलेला संगणक बंद केला, की झाले-गेले सारे विसरून जातो. फोन विसरत नाही. संगणकावर झालेली चूक बटण बंद करताच पुसली जाते; फोनवर झालेली चूक फोनमध्येच मुक्काम ठोकते. या पद्धतीचे बहुतेक फायदे आणि बहुतेक अपघात या एका फरकातून निपजतात.

डिस्क चालते कशी?

नेहमीच्या संगणकात विंडोज किंवा अन्य कार्यप्रणाली हार्डडिस्कवर बसवलेली असते. लाइव्ह डिस्कमध्ये मात्र संपूर्ण कार्यप्रणाली सीडी, डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरच असते आणि संगणक तिच्यावरूनच सुरू होतो. आपण मुद्दाम सांगितल्याखेरीज हार्डडिस्कला हात लागत नाही. डिस्कवरची कार्यप्रणाली एका आकुंचित, केवळ वाचता येणाऱ्या फाइलमध्ये साठवलेली असते. आपण काही बदल केला, नवी आज्ञावली बसवली, की तो बदल रॅममध्ये तयार झालेल्या एका पातळ थरावर लिहिला जातो. छापील पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर पेन्सिलीने लिहावे, तसा हा प्रकार. वाचणाऱ्याला दोन्ही एकत्र दिसतात. कागद उचलला, की मूळ पान कोरेच्या कोरे.

ही कल्पना नवी नाही. सीडीवरून चालू होणारे ‘यग्द्रासिल’ नावाचे लिनक्स १९९२ मध्येच आले होते. पण ती खऱ्या अर्थाने रुजवली ती जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये तयार केलेल्या ‘नॉपिक्स’ने. सुमारे दोन जीबींचा ऐवज आकुंचित करून त्यांनी ७०० एमबीच्या सीडीत बसवला आणि समोर येईल त्या संगणकाचे भाग स्वतःहून ओळखण्याची करामत त्यात घातली. पुढे ऑक्टोबर २००४ मध्ये ‘उबुंटू’ आले. त्याच्या सीडी पोस्टाने घरपोच मिळत, टपालखर्चसुद्धा घेतला जात नसे. ही सोय २०११ पर्यंत सुरू होती. त्या दशकात ‘पीसीक्वेस्ट’, ‘डिजिट’ किंवा ‘लिनक्स फॉर यू’ यांसारख्या मासिकांसोबत आलेली लिनक्सची सीडी ज्यांच्या घरच्या खणात पडून राहिली, अशा वाचकांची संख्या मोठी असेल. ती संगणकात घालून पाहण्याचे धाडस केलेल्यांची मात्र बरीच कमी.

आपल्याकडचा एक पर्यायही नोंदवायला हवा. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’च्या चेन्नई केंद्राने विकसित केलेले ‘बॉस लिनक्स’ २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे आणि तेही हार्डडिस्कवर न बसवता चालवून पाहता येते.

आता ‘डिस्क’ हा शब्द केवळ सवयीने उरला आहे. अलीकडच्या उबुंटूची फाइल ४.७ जीबीच्या डीव्हीडीतही मावत नाही आणि नव्या लॅपटॉपमध्ये सीडीचा खण तरी कुठे असतो? आठ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह हेच आजचे साधन. लिनक्सची फाइल त्यावर नुसती नक्कल करून भागत नाही. ‘रूफस’ किंवा ‘बलेना एचर’सारख्या आज्ञावलीने ती लिहावी लागते. तसे करताना पेनड्राइव्हवरचा आधीचा सर्व मजकूर नष्ट होतो, हे वेगळे सांगायला नको. तरीही सांगितलेले बरे.

कंपनीने मिटलेला डोळा

फोनच्या पडद्याआडच्या सेटिंग्ज हा विषय केवळ हौशी मंडळींचा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी मोटोरोलाच्या ‘व्ही ७१०’ या फोनची हकिगत ध्यानात घ्यावी. अमेरिकेत ‘व्हेरायझन वायरलेस’ने २००४ मध्ये हा फोन बाजारात आणला. त्यात ब्लूटूथ होते. पण ब्लूटूथने फाइल पाठवण्याची आणि घेण्याची सोय कंपनीने बंद ठेवली होती. फोनमधले छायाचित्र संगणकावर न्यायचे, तर ते कंपनीच्या जाळ्यातूनच, पैसे मोजून पाठवावे, असा त्याचा व्यवहारी अर्थ. संतापलेल्या ग्राहकांनी २००५ मध्ये सामूहिक दावा दाखल केला. यंत्र सक्षम, पैसे पूर्ण मोजलेले आणि अडसर फक्त एका सेटिंगचा, असा तो मामला होता.

त्या काळच्या अनेक मोटोरोला फोनमध्ये अशा सेटिंग्ज ‘सीम’ नावाच्या छोट्या, क्रमांकित नोंदींत साठवलेल्या असत. एकेका नोंदीत शून्य आणि एक यांची रांग. रांगेतला अमुक आकडा शून्याचा एक केला, की मेनूत एखादा नवा पर्याय उगवे. एकाचा शून्य केला, की कंपनीने लादलेला एखादा पर्याय मावळे. २००४ मध्ये आलेल्या ‘रेझर व्ही ३’ या लोकप्रिय फोनचे अनेक धनी या उद्योगात पडले होते. लिनक्सवर त्यासाठी ‘मोटोफोरलिन’ नावाची मुक्त आज्ञावली होती. फोन जोडला, की लिनक्स त्याला आधी साधा मोडेम समजे. मग मोडेमला द्यायची एक आज्ञा देऊन (तिच्या शेवटी आठ हा आकडा असे) फोनला त्याच्या अंतर्गत अवस्थेत न्यायचे, नोंद वाचायची, तिची प्रत जपून ठेवायची, बदल करायचा आणि नोंद परत लिहायची.

विंडोजवर हेच करायला मोटोरोलाचे ड्रायव्हर शोधण्यापासून तयारी असे आणि ते कुठल्या दुकानाच्या कुठल्या सीडीवर मिळतील याचा नेम नसे. लिनक्सच्या गाभ्यातच यूएसबी मोडेमची ओळख असल्याने तिथे हा टप्पा गळून जाई. लाइव्ह सीडी आणि हातातला फोन यांची जोडी जमली ती याच कारणाने.

नोकियाच्या फोनसाठी ‘ग्नोकी’ आणि तिच्यातून पुढे आलेली ‘गॅमू’ या आज्ञावली होत्या. संपर्कयादीची प्रत घेणे, एसएमएस उतरवून घेणे, फोनचे घड्याळ लावणे ही कामे त्या चोख करीत. ‘गॅमू’ आजही डेबियन आणि उबुंटूच्या भांडारात मिळते. घरात एखादा जुना नोकिया पडून असेल आणि त्यात दिवंगत आप्तांचे एसएमएस अडकलेले असतील, तर ते बाहेर काढण्याचा प्रयत्न करायला हे साधन अजूनही चालते. नोकियाने २००५ मध्ये आणलेला ‘७७०’ हा हातात मावणारा इंटरनेट टॅब्लेट तर स्वतःच लिनक्सवर चालत होता. त्याच्या संशोधन अवस्थेच्या सेटिंग्ज बदलणारी आज्ञावली खुद्द नोकियाने लिनक्ससाठी उपलब्ध केली होती. असे औदार्य नंतरच्या काळात दुर्मीळ झाले.

अँड्रॉइड फोन जोडताना

सप्टेंबर २००८ मध्ये पहिली आवृत्ती आलेली अँड्रॉइड ही कार्यप्रणालीही लिनक्सच्या गाभ्यावरच उभी आहे. तिच्यासाठी गूगलने ‘अँड्रॉइड डिबग ब्रिज’, म्हणजे ‘एडीबी’, हे साधन दिले आहे. संगणकावरून फोनला लेखी आज्ञा देण्याचा हा अधिकृत पूल. त्यासाठी फोनचे कुलूप तोडावे लागत नाही, मूळ कार्यप्रणालीला धक्का लागत नाही आणि म्हणूनच सामान्य वाचकाने या विषयात उतरायचे असेल, तर इथूनच उतरावे.

आधी संगणकाकडे पाहू. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी एखादी कळ दाबली, की कशावरून सुरू व्हायचे हे विचारणारी यादी येते. कळ कोणती, ते कंपनीगणिक बदलते. उबुंटूसारखी प्रमुख लिनक्स ‘सिक्युअर बूट’ सुरू असतानाही चालतात, त्यामुळे ते बंद करण्याच्या फंदात पडू नये. विंडोजची हार्डडिस्क ‘बिटलॉकर’ने बंदिस्त असेल आणि ‘सिक्युअर बूट’ची सेटिंग बदलली गेली, तर पुढच्या वेळी विंडोज अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागते. फोन दुरुस्त करायला बसावे आणि संगणक कुलूपबंद व्हावा, असा हा प्रसंग. ती किल्ली आधी शोधून कागदावर उतरवून ठेवावी. संगणक कचेरीचा असेल, तर तेथील संगणक विभागाला विचारल्याशिवाय दुसऱ्या डिस्कवरून तो सुरू करणे योग्य नव्हे. तांत्रिक अडचण नसली तरी नोकरीची अडचण होऊ शकते.

लिनक्स सुरू झाल्यावर ‘बसवा’ आणि ‘वापरून पाहा’ असे दोन पर्याय समोर येतात. ‘वापरून पाहा’ हाच निवडायचा. नंतर टर्मिनल उघडून एडीबी बसवायची. ती हार्डडिस्कवर नव्हे, वर सांगितलेल्या रॅमच्या थरात बसते. त्यासाठी इंटरनेट लागते. वायफाय मिळत नसेल, तर तोच फोन यूएसबीने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्सला ते सहसा विनासायास कळते. ज्या फोनवर उपचार करायचे त्यानेच औषधाला पैसे द्यावेत, तसा हा व्यवहार आहे खरा. पण वेळेला कामी येतो.

आता फोन. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारली, की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हा झाकलेला विभाग उघडतो. २०१२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.२ पासून हा पडदा घातला गेला. त्या विभागात ‘यूएसबी डिबगिंग’ सुरू करायचे. इथे काही कंपन्यांचे आपापले सोवळे आहे. शाओमीच्या फोनमध्ये सेटिंग्ज बदलण्यासाठी ‘यूएसबी डिबगिंग (सिक्युरिटी सेटिंग्ज)’ हा आणखी एक पर्याय सुरू करावा लागतो आणि त्यासाठी फोनमध्ये सिमकार्ड व कंपनीचे खाते लागते. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनमध्ये ‘ऑटो ब्लॉकर’ सुरू असेल, तर यूएसबी डिबगिंग सुरूच होत नाही. आधी ते थांबवावे लागते.

फोन जोडून टर्मिनलवर ‘एडीबी डिव्हायसेस’ ही आज्ञा रोमन लिपीत टंकली, की जोडलेल्या फोनचा क्रमांक दिसायला हवा. काहीच दिसत नसेल, तर पहिला संशय केबलवर घ्यावा. बाजारातल्या अनेक स्वस्त केबलमध्ये फक्त विजेच्या तारा असतात. माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. क्रमांकापुढे परवानगी नसल्याचा शेरा आला, तर दोष लिनक्सच्या यूएसबी नियमांत आहे. हे नियम वेगळ्या छोट्या पॅकेजमध्ये मिळतात, ते बसवून फोन काढून पुन्हा जोडावा. आणि अधिकृत नसल्याचा शेरा आला, तर फोनच्या पडद्याकडे पाहावे. ‘या संगणकाला परवानगी द्यायची का?’ असा प्रश्न तिथे उत्तराची वाट पाहत असतो.

हा प्रश्न औपचारिक नाही. होकार दिलेल्या संगणकाला फोनमध्ये नव्या आज्ञावली बसवता येतात, पडद्याची छायाचित्रे घेता येतात, साठवणीतील फाइली उचलता येतात. म्हणूनच सायबर कॅफेतल्या किंवा परक्या संगणकाला असा होकार देणे धोक्याचे. तिथे आपल्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवले, तर त्या संगणकाच्या हार्डडिस्कवरचे व्हायरस आणि कळा टिपणाऱ्या आज्ञावली झोपलेल्याच राहतात. यंत्रात कुणी मुळातच छेडछाड करून ठेवली असेल, तर त्यावर मात्र हा उतारा नाही.

काय बदलता येते?

अँड्रॉइडच्या सेटिंग्ज तीन खणांत ठेवलेल्या असतात. ‘सिस्टीम’ या खणात आवाज, उजेड अशा रोजच्या गोष्टी; ‘सिक्युअर’मध्ये साध्या अ‍ॅपना बदलता न येणाऱ्या वापरकर्त्याच्या निवडी; आणि ‘ग्लोबल’मध्ये संपूर्ण फोनला लागू होणाऱ्या बाबी. एडीबीच्या मार्गाने तिन्ही खणांची पूर्ण यादी मागता येते. ती शेकडो ओळींची असते. बदलाला हात घालण्यापूर्वी ही यादी फाइलमध्ये उतरवून ठेवणे, हा या साऱ्या उद्योगातला सर्वांत महत्त्वाचा नियम. ती फाइल लाइव्ह लिनक्सच्या डेस्कटॉपवर ठेवून उपयोग नाही, कारण संगणक बंद होताच डेस्कटॉपही जाणार. दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवावी किंवा स्वतःला ई-मेलने पाठवावी. मूळ आकडा कोणता होता, हे सांगणारा तो एकमेव साक्षीदार असतो.

सर्वांत उपयोगाचा बदल, निदान घरात वडीलधारी माणसे असलेल्यांसाठी, पडद्याच्या घनतेचा आहे. अक्षरे मोठी करण्याची सोय फोनमध्ये असतेच. पण तिला कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा असते. एडीबीतून ‘डेन्सिटी’चा आकडा वाढवला, की केवळ अक्षरेच नव्हे, तर बटणे, चिन्हे, कीबोर्ड असे सारेच त्या मर्यादेपलीकडे मोठे होते. ज्या फोनचा मूळ आकडा ४२० आहे, त्यावर ५०० करून पाहावा. हा बदल फोन बंद करून सुरू केला तरी टिकतो. एकदम हजारावर उडी मारली, तर एकच बटण अर्धा पडदा व्यापते आणि मग फोनवरून काहीच दुरुस्त करता येत नाही. अशा वेळी संगणकावरून ‘डेन्सिटी रीसेट’ म्हटले, की सारे पूर्ववत होते. केबल काढण्यापूर्वी बदल नीट पाहून घ्यायचा तो यासाठी.

दुसरा लोकप्रिय बदल हालचालींच्या वेगाचा. खिडक्या उघडण्या-मिटण्याच्या चित्रचलनाचा आकडा एकावरून अर्ध्यावर आणला, की जुना फोन चपळ भासू लागतो. भासतो, इतकेच. त्याने प्रोसेसरचा वेग वाढत नाही. शिवाय हा बदल डेव्हलपर ऑप्शन्समध्ये बोटानेही करता येतो. त्यासाठी संगणक सुरू करण्याचे कारण नाही.

खरा मोह असतो तो नको असलेली अ‍ॅप काढण्याचा. स्वस्त फोनसोबत आलेल्या जाहिराती दाखवणाऱ्या, न मागता बातम्या पाठवणाऱ्या, काढू म्हटले तरी न निघणाऱ्या अ‍ॅपनी ग्राहक बेजार होतात. एडीबीतून असे अ‍ॅप वापरकर्त्यापुरते काढून टाकता येते. त्याची मूळ फाइल फोनच्या संरक्षित भागात तशीच राहते, त्यामुळे जागा फारशी वाचत नाही. आणि याच कारणाने एका आज्ञेत ते परत आणताही येते. फोन मूळ अवस्थेत नेला, तरी ते पुन्हा हजर होते. पण महाजालावर फिरणाऱ्या ‘ही शंभर अ‍ॅप काढा’ छापाच्या याद्या डोळे मिटून चालवू नयेत. एका कंपनीच्या फोनवर जे अ‍ॅप निव्वळ अडगळ असते, त्याच नावाच्या घटकावर दुसऱ्या फोनचा पडदा किंवा सिमकार्ड अवलंबून असू शकते. असा घटक गेला, तर फोन सुरू होता होता पुन्हा पुन्हा बंद पडत राहतो आणि मग आतील सर्व माहिती पुसून मूळ अवस्थेत नेण्यावाचून सहसा गत्यंतर उरत नाही. एका वेळी एकच अ‍ॅप, मग एक-दोन दिवस वापर, मग पुढचे. हा क्रम कंटाळवाणा असला तरी तोच धरावा.

पडदा फुटला, तर

एडीबीचे मोल ज्या दिवशी कळते तो दिवस म्हणजे फोनचा पडदा फुटल्याचा. आत छायाचित्रे आहेत, संपर्क आहेत. यंत्र सुरू आहे, पण दिसत काही नाही. २०१८ मध्ये आलेली ‘एससीआरसीपीवाय’ ही मुक्त आज्ञावली एडीबीच्या पुलावरून फोनचा पडदा संगणकावर दाखवते आणि माउसने तो चालवूही देते. डेबियन-उबुंटूच्या भांडारात ती मिळते. अट एवढीच, की यूएसबी डिबगिंग आधीच सुरू असायला हवे आणि त्या संगणकाला परवानगी आधीच दिलेली हवी. कारण परवानगीचा प्रश्न ज्या पडद्यावर येतो, तोच फुटलेला आहे.

आणि लाइव्ह डिस्कचे विसराळूपण नडते ते इथेच. फोनने ‘संगणकाला’ परवानगी दिली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती संगणकावर एडीबीने तयार केलेल्या एका गुप्त किल्लीला दिलेली असते. २०१३ मधील अँड्रॉइड ४.२.२ पासून ही व्यवस्था आहे. लाइव्ह लिनक्समध्ये ती किल्ली रॅमच्या थरावर असते आणि संगणक बंद होताच नष्ट होते. तोच पेनड्राइव्ह, तोच संगणक, तोच माणूस. तरी दुसऱ्या दिवशी फोनच्या लेखी तो परका. ही अडचण टाळायची असेल, तर पेनड्राइव्ह तयार करतानाच त्यावर बदल टिकवून धरणारा वेगळा भाग राखता येतो किंवा किल्लीच्या दोन छोट्या फाइली अन्यत्र जपून ठेवता येतात. किल्ली हाती पडलेल्या कोणालाही तुमचा फोन उघडा आहे, हे जाणून ती जपायची. अँड्रॉइड ११ पासून आणखी एक पाचर आहे: सात दिवस फोन जोडला गेला नाही, तर दिलेली परवानगी आपोआप रद्द होते. ही मुदत बंद करण्याचा पर्याय डेव्हलपर ऑप्शन्समध्ये आहे. तो बंद करावा की करू नये, याचे उत्तर फोन फुटण्याची भीती मोठी की फोन चोरीला जाण्याची, यावर अवलंबून आहे. काहीच तयारी नसेल, तर ओटीजी जोडणीने फोनलाच माउस लावून पाहावा. अर्थात पडद्यावर काही तरी दिसत असले पाहिजे.

आयफोनचे दार

अ‍ॅपलच्या फोनमध्ये एडीबीसारखा खुला पूल नाही. ‘लिबआयमोबाइलडिव्हाइस’ या मुक्त साधनसंचाने लिनक्सवरून आयफोनची माहिती वाचता येते, पूर्ण बॅकअप घेता येतो, फोनचे नाव बदलता येते. आयट्यून्सशिवाय बॅकअप घेण्याचा हा चांगला मार्ग आहे. मात्र सेटिंग्जचे खण उघडून देण्याची तयारी अ‍ॅपलची नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये ‘चेकमेट’ म्हणून उच्चारला जाणारा एक दोष उघड झाला. ए ५ पासून ए ११ पर्यंतच्या चिपमध्ये, म्हणजे आयफोन ४ एसपासून आयफोन एक्सपर्यंत, यंत्र सुरू करणाऱ्या अगदी पहिल्या टप्प्यातच तो होता. हा भाग चिप घडवतानाच कोरला जात असल्याने अ‍ॅपललाही तो नंतर दुरुस्त करता येत नाही. त्या आधारे तयार झालेली ‘चेकरेन’ ही बंधने तोडणारी आज्ञावली आधी मॅकवर आणि २०२० मध्ये लिनक्सवर आली. विंडोजवर आली नाही. परिणामी, विंडोज वापरणाऱ्या हजारोंनी केवळ या कामासाठी बनवलेले चिमुकले लाइव्ह लिनक्स पेनड्राइव्हवर लिहून आयुष्यात प्रथमच लिनक्स चालवले. हजारोंनी हा शब्द अंदाजाचा आहे. पण त्यासाठी तयार झालेल्या लाइव्ह प्रतींची चलती पाहता अतिशयोक्तीचा नसावा. यातही तीच गंमत: फोन बंद करून सुरू केला, की मिळवलेले स्वातंत्र्य संपते आणि तोच पेनड्राइव्ह पुन्हा शोधावा लागतो.

जिथे थांबायचे

एडीबीच्या पुढची पायरी ‘फास्टबूट’ची. फोनचा बूटलोडर खुला करून त्यावर वेगळीच कार्यप्रणाली बसवणे, हे या पायरीवरचे काम. ते सेटिंग बदलण्याच्या व्याप्तीत बसत नाही. पण उत्साहाच्या भरात माणूस तिथवर पोहोचतो, म्हणून दोन शब्द. बूटलोडर खुला करताच फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. हा दोष नसून सुरक्षेची योजना आहे; नाहीतर चोराला तेवढेच हवे असते. खुल्या बूटलोडरच्या फोनवर अनेक बँकांची अ‍ॅप चालण्यास नकार देतात. लाइव्ह लिनक्स सर्व कंपन्यांच्या कामाचेही नाही. शाओमीची बूटलोडर खुला करणारी अधिकृत आज्ञावली विंडोजसाठी आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये फास्टबूटच नाही. त्यांच्या ‘डाऊनलोड’ अवस्थेशी बोलणारी ‘हाइमडाल’ ही मुक्त आज्ञावली लिनक्सवर चालते, पण ती जुन्या फोनपुरतीच भरवशाची.

आणखी एक सीमा कायद्याची. फोनचा आयएमईआय क्रमांक हीदेखील यंत्रात लिहिलेली एक ‘सेटिंग’च आहे, असे सांगून तो बदलून देणारे भेटतात. भारतात २०१७ च्या नियमांनी त्यावर बंदी घातली. दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये दूरसंचार ओळखक्रमांकात फेरफार करण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जुना फोन विकत घेणाऱ्याने आतला आणि खोक्यावरचा क्रमांक ताडून पाहावा.

काम आटोपल्यावर आवराआवर दोन्हीकडे करायची असते, आणि ती विषम असते. संगणकाच्या बाजूने फक्त तो बंद करून पेनड्राइव्ह काढायचा. फोनच्या बाजूने डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन दिलेल्या परवानग्या रद्द करायच्या, यूएसबी डिबगिंग बंद करायचे आणि सॅमसंगचा फोन असेल तर ‘ऑटो ब्लॉकर’ पुन्हा सुरू करायचे. पडदा फुटण्याच्या वेळेसाठी किल्ली राखून ठेवणाऱ्याने अर्थातच परवानगी आणि डिबगिंग दोन्ही सुरू ठेवावे लागेल. तसे केल्यास बँकेचे किंवा यूपीआयचे एखादे अ‍ॅप तक्रार करील. डिबगिंग सुरू असलेल्या फोनवर चालायचेच नाही, असा त्यांतल्या काहींचा बाणा आहे.